ताईची वाटी

रियेका, ११ जानेवारी २००४

प्रिय पेरिनाताई,

नमस्कार.

बोट उद्या सकाळी सुटेल. आज अजून माल चढतोय, म्हणून हे पत्र इथूनच टाकतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, तेव्हा पुढचे पाच महिने आपलं असंच चालेल. तुमची पत्रं कंपनीच्या पत्त्यावर टाका. ती पुढच्या बंदरात मला मिळतात. उशीर होतो, पण मिळतात.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार कागद ठेवलेत. सगळे वाचायचा कंटाळा आला तर एवढंच लक्षात ठेवा. दिंकाच्या माशा-पोवळ्यांच्या टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज साधारण तीन लिटर पाणी जातं, ते गोड्या पाण्याने भरून काढायचं. तळघरात वीस-वीस लिटरची सात कॅन भरून ठेवलेत. दिंकाने काचेवर नेलपॉलिशने लाल रेघ ओढली आहे, तिथपर्यंत भरायचं. एखादं कॅन रिकामं झालं की नळाच्या गाळणीखाली लावून ठेवा.

रविवारी मीठ मोजायची नळी. नळीच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं, खिडकीकडे तोंड करून डोळा लावायचा. आत निळं आणि पांढरं जिथे भेटतं तिथला आकडा ३५ हवा. एखाद्याने इकडेतिकडे चालेल, जास्त नाही. माशांना थोडं खारट चालून जातं. पोवळ्यांना चालत नाही. ती ओरडत नाहीत, पळत नाहीत, एक दिवस पांढरी होतात.

दिवे आपोआप लागतात. डोंगरावरचा वारा सुटला आणि वीज गेली, तर बॅटरीवरचा छोटा पंप खणात आहे.

ही फेरी दिंका असतानाच कबूल करून बसलो होतो. शेवटचीच आहे. जूनमध्ये घरी येईन तो कायमचा. घरात तिचे कपडे आहेत, भांडी आहेत, पण वाढतं असं तिच्या हातचं एवढंच राहिलंय. म्हणून चार कागद झाले. राग मानू नका.

रविवारचं जेवण छान झालं. सूप मी दोनदा घेतलं. बसमध्ये नंतर फार तहान लागली, हीटरमुळे असेल.

तुमचा,
झोर्को


पाग, २६ जानेवारी

प्रिय झोर्को,

आशीर्वाद.

चार कागद वाचले. दिंकाशी लग्न करताना याहून कमी कागदांवर सही केली होतीस.

तुझी टाकी ठीक आहे. मी सकाळी आठला जाते आणि संध्याकाळी सहाला. मधल्या वेळात ती काय करते ते तिचं ती जाणे. दोन नारिंगी मासे मला बघून पुढे येतात. दिंका म्हणायची, ते ओळखतात. मला वाटतं त्यांना चमचा ओळखू येतो. हिरवं पोवळं, ज्याला ती पोस्टमास्तर म्हणायची, तो दहाच्या ठोक्याला उघडतो आणि आठला मिटतो. मधेच खिडकी बंद करून जेवायला जात नाही, एवढाच आपल्या पोस्टातल्या माणसात आणि त्याच्यात फरक. कोळंबी दगडामागे बसते, मिशा तेवढ्या बाहेर.

गोडं पाणी ओतताना मात्र माझा हात आखडतो. तुला ते कळायचं नाही, तू इंजिनात वाढलास. आम्ही मिठागरातल्या बायका उन्हाळाभर आभाळाकडे बघत बसायचो, की वरून थेंब पडू नये. खाऱ्या पाण्याला तीन आठवडे जपायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचं, आणि आता उद्या मीठ धरणार म्हणताना एक सर आली की सगळं पातळ. मी बायकांना रडताना बघितलंय. आणि तू सांगतोस, रोज तीन लिटर ओता.

ओतते आहे. घाबरू नकोस.

एक्केचाळीस वर्षं मी वाफे चाखले. साहेब लोक काचेची यंत्रं घेऊन यायचे, पाण्यात सोडायचे, आकडा वाचायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. अजूनही मे महिन्यात पहिलं पाणी वाफ्यात घेतलं की संचालक गाडी पाठवतो. सगळे टोप्या काढून उभे राहतात. मी बोट बुडवते, जिभेला लावते, मान हलवते, मग मोटर सुरू होते. शोभेचं असेल, पण मी गेल्याशिवाय सुरू करत नाहीत.

दिंकाच्या टाकीचं पाणीही दर रविवारी मीच चाखायचे, हे तुला ठाऊक आहे का कोण जाणे. तू तेव्हा समुद्रावर असायचास. जेवण झालं की ती आईच्या पांढऱ्या वाटीत काढून आणायची. टाकीत बोट घालू द्यायची नाही, म्हणायची तुझ्या हाताला साबण असतो. मी चाखायची आणि सांगायची, बरोबर आहे. ती नळी लावून बघायची आणि म्हणायची, ताई, अगदी बरोबर. त्या वाटीची चव माझ्या जिभेवर आहे. तेव्हा तुझ्या नळीने मला शिकवायला नको.

तरी लावली. ३५.

तुझी,
पेरिना

ता. क. सूप कोंबडीचं होतं. कोंबडी शेजारच्या रोमानाची होती. तहान बिहान काही नाही, तू पाणीच कमी पितोस.


सांतोस, १५ फेब्रुवारी

प्रिय पेरिनाताई,

नमस्कार.

पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं. इथे उकाडा असह्य आहे, इंजिनरूममध्ये माणूस शिजतो. आचारी नवा आहे. रोज तांदूळ आणि रोज माफी.

माझं घड्याळ अजून घरच्या वेळेवर ठेवलंय. घरचे दहा वाजले की मनात म्हणतो, पोस्टमास्तर उघडला असेल.

एक गोष्ट लिहायची होती, तोंडाने बोलवली नाही. मागच्या वर्षी मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत दिंकाची मला अकरा पत्रं आली. सगळ्यांत शेवटची ओळ एकच: इथे सगळं ठीक. तेव्हा तिचं ऑपरेशन झालेलं होतं. केस गेलेले होते. मी आलो तेव्हा ती ओळखत होती, पण बोलत नव्हती. तुम्हाला सगळं माहीत होतं. तिने तुम्हाला शपथ घातली होती, हे नंतर तुम्हीच सांगितलंत. त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावत नाही. त्या अकरा पत्रांतून मी एकदाही ओळखलं नाही, हे माझं. त्यांत टाकीबद्दल पानंच्या पानं होती. आता वाटतं, टाकीबद्दल लिहिलं की स्वतःबद्दल लिहायला जागा उरत नसे.

म्हणून एक मागतो. तुम्ही तरी 'सगळं ठीक' लिहू नका. काही बिघडलं तर बिघडलं म्हणून लिहा. एखादं पोवळं गेलं तरी चालेल, कळलं पाहिजे.

टाकीखालच्या खणात दिंकाची वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची. रोजचे आकडे आहेत तिच्यात. कधी शंका आली तर तिच्यात बघा. मी उघडली नाही अजून. अक्षर बघवत नाही.

रविवारचे आकडे प्रत्येक पत्रात लिहा.

तुमचा,
झोर्को


पाग, ५ मार्च

प्रिय झोर्को,

आशीर्वाद.

आकडे: ३५, ३५, ३५, ३५. झालं समाधान?

ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू झाला. कपाळाला राख लावून घेतली. फादर म्हातारे झाले, अंगठा थरथरतो, यंदा राख नाकावर आली. रोमाना दिवसभर माझ्याकडे बघून हसत होती, मला वाटलं वेडी झाली.

वारा नऊ दिवस वाहिला. खिडक्यांवर मीठ बसलं, रस्त्यावर माणूस नाही. वीज दोनदा गेली, पंप लावला, सगळं कागदात लिहिल्याप्रमाणे केलं. तू शाबासकी देशील असं काम होतं.

पोस्टमास्तर जरा आळसावला आहे. अकराला उघडतो, कधी बाराला, आणि पूर्ण नाही. उपास धरला असेल. कोळंबी दिसली नाही या आठवड्यात. ती लपणारीच. काचेच्या वरच्या कडेला पांढरी पुटं धरतात ती मी रोज पुसून काढते. मासे जेवतात. दिंका म्हणायची, या प्राण्यांचेही मूड असतात.

तू लिहिलंस तसं मी काही लपवत नाही. विचारलंस म्हणून सांगते, पाणी मला मध्यंतरी पातळ लागत होतं. वाटीतल्यासारखं नव्हतं. आता बरंच जवळ आलंय.

माझं म्हणशील तर गुडघा दुखतो. सकाळी बादली घेऊन धक्क्याच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे या वयात थट्टा नाही. पण काटकसर माझ्या रक्तात आहे: तुझ्या सातपैकी पाच कॅन अजून तशीच भरलेली आहेत, आणि गाळणीला मी हातही लावला नाही.

जेवणात मन नाही. दिंका गेल्यापासून कशालाच चव नाही. रोमाना आणून देते ते खाते.

तुझी,
पेरिना


दर्बान, २३ मार्च

पेरिनाताई,

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. मिळाल्यावर एका तासात मी आपल्या बंदर कचेरीत फोन केला. लोव्रे होता. त्याला सांगितलं, आत्ताच्या आत्ता घरी जा आणि त्यांच्या कानाशी सांग. जे सांगितलं तेच इथे पुन्हा लिहितो: समुद्राचं पाणी घालणं बंद. नळी लावा. आकडा चाळीसच्या वर असेल तर एकदम गोडं पाणी ओतू नका. टाकीतलं पाच लिटर काढा, पाच लिटर गोडं घाला, सावकाश, दिवसातून दोनदा. ३५ ला पोचायला आठवडा लागला तरी लागू द्या.

कॅनचा हिशोब मी तीनदा केला. मी निघालो त्याला आठ आठवडे झाले होते. रोजचे तीन लिटर म्हणजे सातही कॅन संपून गाळणीचं पाणी सुरू व्हायला हवं होतं. पाच भरलेली आहेत. म्हणजे पहिल्या पंधरवड्यानंतर तुम्ही गोडं पाणी घातलेलंच नाही. मग बादलीची ओळ वाचली. धक्क्याच्या पायऱ्या.

ताई, रेघ पाण्याची होती. रेघेपर्यंत पाणी आहे म्हणजे सगळं जागेवर आहे असं नाही. रोज समुद्र उडाला आणि रोज वर समुद्र घातला, तर मीठ जाणार कुठे? मिठागरात तुम्ही हेच केलंत ना, एक्केचाळीस वर्षं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणूनच मला समजत नाही.

आणि नळी ३५ कशी म्हणत होती?

खरं लिहा.

झोर्को


पाग, झावळ्यांचा रविवार, ४ एप्रिल

प्रिय झोर्को,

लोव्रे तेवीस तारखेला दुपारी आला. धापा टाकत होता. मी चर्चसाठी कापड विणत बसले होते. तो कानाशी तोंड आणून ओरडला, सगळ्या गल्लीने ऐकलं.

मी नळी लावली. पहिल्यांदा लावली. आधी कधीच लावली नव्हती. तुला ३५ हवे होते म्हणून ३५ लिहिले.

४७ होते.

तू सांगितलंस तसंच केलं. पाच काढले, पाच घातले, दिवसातून दोनदा, माझ्या हाताने. सोमवारी ३५ झाले. पण लोव्रे आला तेव्हाच पोस्टमास्तर पांढरा होता. त्याआधी पाच दिवस तो उघडला नव्हता. त्याच्या बाजूचं जांभळं, मागच्या दगडावरचं तपकिरी गुच्छाचं, जे दिंकाने नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलं होतं, ते सगळं पांढरं. हात लावला तर चिकट सुटून आलं आणि खाली नुसता दगड राहिला. कोळंबी पंपाच्या जाळीला अडकलेली मिळाली. शंखांतून काही बाहेर आलं नाही. मासे दोन्ही आहेत.

तू विचारलंस, मला कसं कळलं नाही. मी वेडी नाही, झोर्को. पाणी उडतं आणि मीठ राहतं हे मला दुसरीत असल्यापासून ठाऊक आहे. पहिले पंधरा दिवस मी तुझंच पाणी घातलं. मग एका रविवारी वाटी घेतली, टाकीतलं काढलं, चाखलं. पाणीच होतं. नुसतं पाणी. मला वाटलं, तुझ्या कॅनांनी सगळं धुऊन टाकलं. दिंकाच्या समुद्रात पाऊस पडला आणि मीच तो पाडला. त्या रात्री झोपले नाही. सकाळी बादली घेऊन धक्क्यावर गेले. रोज गेले. रविवारी चाखायची आणि म्हणायची, अजून नाही. त्या वाटीसारखं नाही. शेवटी शेवटी घरातलं मीठही घातलं, मूठभर, दोनदा. मग एका रविवारी चव आली. अगदी ती चव. मी टाकीपुढे बसून म्हटलं, दिंका, बरोबर आहे. पोस्टमास्तर तेव्हा मिटलेलाच होता.

लोव्रे गेल्यावर तू सांगितलेली वही उघडली. मला बघायचं होतं, दिंकाच्या वेळी आकडा किती असायचा. कारण नळी खोटी असेल, असं मला वाटत होतं. जिभेवर माझा तोवर विश्वास होता.

आकडे रोजचे आहेत. ३५, ३५, ३४, ३५. अक्षर बारीक, शाळेत शिकवलं तसं. मग २००१ च्या नोव्हेंबरात एका रविवारी लिहिलंय. तसंच उतरवते:

'ताई जेवायला. टाकी ३५. चाखून म्हणाली पातळ आहे, मीठ घाल. घालते म्हटलं. घातलं नाही.'

पुढच्या रविवारी: 'पुन्हा पातळ म्हणाली. फार काळजीत पडली. रात्री चालत परत आली विचारायला.'

त्याच्या पुढच्या: 'टाकी ३५. ताईची वाटी ३८. बरोबर म्हणाली. खूश होऊन गेली.'

मग प्रत्येक रविवारी दोन आकडे आहेत. टाकी ३५, ताईची वाटी ३८. टाकी ३५, ताईची वाटी ३९. पुढच्या उन्हाळ्यात ४१. एके ठिकाणी लिहिलंय, '४१ पुरलं नाही, चेहरा उतरला, आत जाऊन अर्धा चमचा वाढवला, दुसरी वाटी आणली.' मागच्या ईस्टरला ४४. त्यात अक्षर हललेलं आहे, तेव्हा तिला केमोच्या सुया चालू होत्या. शेवटची ओळ सप्टेंबरातली आहे. 'टाकी ३५. ताईची वाटी ४७.'

मी जवळजवळ दोन वर्षं दर रविवारी स्वयंपाकघरात कालवलेलं मीठपाणी चाखत होते.

मी ४७ वर आणून थांबले, झोर्को. तिने मला जिथपर्यंत नेलं तिथपर्यंत जीभ बरोबर होती. टाकी मी तिच्या वाटीसारखी केली.

मला वाटायचं, ती गेल्यावर चव गेली. लोकांचं तसं होतं असं ऐकलंय. मी ते कोणाला सांगत नव्हते, पण मनात धरून होते. म्हटलं, एवढं तरी तिच्यासाठी गेलं. तेही खरं नाही. आधीच गेलेलं होतं, आणि तिला ठाऊक होतं, आणि ती समोर बसून म्हणायची, ताई, अगदी बरोबर.

आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. मी तिला मिठागरात घेऊन जायची. वाफ्याच्या कडेला बसवून पहिलं पाणी तिच्या जिभेला लावायची आणि विचारायची, सांग, धरेल का? ती काहीही सांगायची. मी म्हणायची, बरोबर.

वही टाकीखाली परत ठेवली आहे.

टाकी रिकामी करू का, ते कळव.

पेरिना


मोंबासा, २५ एप्रिल

प्रिय पेरिनाताई,

नमस्कार.

पत्र मिळून तीन दिवस झाले. पहिले दोन दिवस तुमच्यावर राग होता. ३५, ३५, ३५ असं लिहिलंत त्याचा. इंजिनरूममध्ये एका पोराने गेजचा आकडा न बघता वहीत भरला म्हणून मी एकदा त्याला बोटीवरून उतरवलं होतं. तुम्हाला उतरवता येत नाही, म्हणून दोन दिवस डेकवर चालत राहिलो.

तिसऱ्या दिवशी आचाऱ्याने सूप केलं. त्यात मीठ नव्हतं. मी संपवलं आणि म्हटलं, छान झालं. तो खूश झाला. तेव्हा राग संपला, कारण मग तो कोणावर धरायचा हे कळलं.

ताई, मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत एका रविवारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलो. तुम्ही बाहेर बसला होतात. दिंका आईच्या वाटीत मीठ ढवळत होती. मी विचारायच्या आत तिने ओठावर बोट ठेवलं. रात्री सांगितलं. मी म्हटलं, अगं, सांगून टाक तिला, डॉक्टरला दाखवू. ती म्हणाली, "मेमध्ये गाडी येते ना तिच्यासाठी, तेवढ्यावर ती वर्ष काढते. तू गप्प बस." सूपही ती तुमची पाठ वळली की पातळ करायची, हे तेव्हाच कळलं.

मी गप्प बसलो. ती गेल्यावर गप्प बसायचं कारण नव्हतं, तरी बसलो. जानेवारीत तुमच्याकडे जेवलो. पहिला चमचा तोंडात गेला तेव्हाच समजलं की आता पातळ करणारं कोणी नाही. मी दोनदा मागून घेतलं. आणि मग तुमच्या हातात किल्ली दिली.

लोव्रेच्या बायकोला सांगता आलं असतं. ती आनंदाने आली असती. पण मग तुम्ही विचारलं असतंत, मी का नको. म्हणून त्याऐवजी चार कागद लिहिले. नळीबद्दल जे सगळं लिहिलं, ते तोंडाने एका वाक्यात सांगायचं होतं: ताई, चाखू नका, तुम्हाला चव लागत नाही. तेवढं बोलायचं टाळलं आणि पाच महिने निघून आलो. बसमध्ये तहान लागली म्हणून लिहिलं. हीटर बंद होता त्या बसचा.

दिंकाने केलं ते मायेने केलं. मी केलं ते तसं नव्हतं, ती भीड होती. ती निदान दर रविवारी नळी लावत होती.

टाकी रिकामी करू नका. दोन मासे आहेत ना.

डॉक्टरकडे जा. जिभेसाठी आणि कानासाठीही. लोव्रेला लिहिलंय, तो झादारला घेऊन जाईल. नाही म्हणू नका.

बोट सतरा जूनला रियेकाला लागेल.

तुमचा,
झोर्को


पाग, १८ मे

प्रिय झोर्को,

आशीर्वाद.

झादारला जाऊन आले. डॉक्टर पोरगेला आहे. त्याने जिभेवर कापसाने चार गोष्टी लावल्या आणि विचारलं काय आहे. आंबट ओळखलं. कडू ओळखलं. साखर थोडी. चौथ्याला मी म्हटलं, पाणी. त्याने चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. आमच्या गावाचं नाव बघून विचारलं, तुम्ही मिठागरातल्या का. हो म्हटलं. त्याने चिठ्ठी उलटी करून ठेवली, चांगला मुलगा आहे. म्हणतो वयामुळे, परत यायची आशा धरू नका. कानाचं यंत्र दिलंय. लोव्रे म्हणाला, आता मला ओरडावं लागणार नाही. मी म्हटलं, मग गल्लीला बातम्या कशा कळणार.

शुक्रवारी संचालकाची गाडी आली. नवा ड्रायव्हर आहे, हॉर्न वाजवत बसला. मी पायऱ्यांवरून सांगितलं, मी येत नाही, तुमच्याकडे यंत्रं आहेत ती लावा. तो गेला. तासाभराने संचालक स्वतः आला. टोपी हातात घेऊन दारात उभा. म्हणाला, पेरिना, तू आली नाहीस तर मोटर कोण सुरू करणार? मी त्याला म्हटलं, "किती वर्षं झाली तुम्हाला कळून?" त्याने टोपी खुंटीला अडकवली. मग म्हणाला, पाच-सहा. आधी यंत्र लावून घ्यायचो, मग गाडी पाठवायचो.

कॉफी दिली त्याला. साखर त्याची त्याला घालायला सांगितली.

मोटर त्या दिवशी दुपारी सुरू झाली. वारा इकडचा होता. कानातल्या यंत्रामुळे का काय, आवाज आला मला.

टाकीत दोन मासे आहेत आणि पांढरे दगड. दगडांवर आता हिरवट धरायला लागलंय, शेवाळ आहे. काढत नाही. मी रोज सकाळी नळी लावते आणि दिंकाच्या वहीत लिहिते. तिच्या ओळीच्या खाली दोन बोटं जागा सोडून सुरू केलंय. आज ३५. काल ३५. परवा ३६ होते, ते ३६ लिहिले आणि एक लिटर गोडं पाणी घातलं. चाखत नाही.

दहा वाजता अजून जाऊन उभी राहते. सवय.

सतरा जूनला रात्रीची बस घेऊ नकोस, वारा असतो पुलावर. दुसऱ्या दिवशी जेवायला ये. सूप करीन, कोंबडी रोमाना देईल. मीठ घालणार नाही. आईची वाटी ताटाशेजारी ठेवते, मीठ तिच्यात असेल. तुझं तू घे, आणि किती घेतलंस ते मला खरं सांग.

तुझी,
पेरिना